दात आंबले आणि खिडकी नंबर चार

कैरी खाल्ली की दात आंबतात, हे कुणाला सांगायला नको. पण माठातलं साधं पाणी पितानाही आंबायला लागले, तेव्हा मी दोन महिने अंगावर काढलं. मग उजव्या दाढेतल्या जुन्या चांदीची कड जिभेला टोचायला लागली. चांदी सुटतेय असं वाटून सरकारी डेंटल कॉलेज गाठलं.

केसपेपर पटकन निघाला. तपासणाऱ्या शिकाऊ डॉक्टर मुलीने दाढेचा फोटो काढायला सांगितला आणि तिथून माझी वरात निघाली. एक्स-रे तिसऱ्या मजल्यावर, पैसे तळमजल्यावर खिडकी चारला. पाऊण तास रांग. नंबर आला तर, "सुट्टे द्या." समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून सुट्टे आणले, पुन्हा रांगेच्या शेपटाला. पावती घेऊन तीन जिने चढले, तर तिथले मामा म्हणाले, "ताई, यावर शिक्का नाही." खाली आले. एक वाजून दोन मिनिटं. काचेला पुठ्ठा टेकवलेला: जेवणाची सुट्टी. आत माणूस डबा उघडत होता, शिक्का त्याच्या कोपराशी. मी टकटक केलं. त्याने वर पाहिलं आणि शांतपणे लोणच्याची पुडी सोडली. शिक्का पडला अडीचला. फोटो निघाला दोन मिनिटांत.

आणि त्या फोटोत काही नव्हतंच! चांदीखाली कीड नाही. मोठ्या मॅडमनी हवेच्या फवाऱ्याने दात कोरडे केले, आरसा धरला आणि म्हणाल्या, "चांदी वर आलेली नाही, भोवतालचा दात झिजून खाली गेलाय." पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार, दाढांच्या टोकांवर बारीक खळगे. ट्यूबलाइटखाली मलाही दिसलं असतं.

"सकाळी काय घेता?"

गरम पाणी, लिंबू, मध. दोन वर्षं. वर तोंड आंबट होतं म्हणून लगेच खसाखसा ब्रश. तोच घोटाळा. तोंडातला पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५.५च्या खाली उतरला की इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, विरघळायला लागतं. लिंबाचा रस तर २ ते ३. त्या मऊ पडलेल्या थरावर ब्रश म्हणजे ओल्या गिलाव्यावर खराटा. गेलेलं इनॅमल परत येत नाही, त्यात जिवंत पेशीच नसतात. (शिक्क्याची वाट बघताना बाहेर दोन ग्लास लिंबू सरबत झालं होतं. ते मी मॅडमना सांगितलं नाही.)

आता आंबट काही खाल्लं की साध्या पाण्याने चूळ, आणि ब्रश निदान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने. ब्रश मऊ, पेस्ट फ्लोराइडची. सरबत किंवा कोल्ड्रिंक घोटाघोटाने तासभर पुरवत बसायचं नाही. रात्री घशाशी आंबट येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने वरच्या दातांची आतली बाजू झिजते. आरशात ती दिसत नाही.

आणि पावती हातात आली की खिडकीसमोरून हलू नका. आधी शिक्का बघा.