क्लँक: परतीचे बूट आधी मोजा

क्लँक हा पॉल डेनेन यांनी रचलेला, 2016 साली आलेला डेक-बिल्डिंग खेळ, म्हणजे खेळता खेळता पत्ते घेऊन आपली गड्डी वाढवायची. 2 ते 4 जणांनी ड्रॅगनच्या भुयारात शिरायचं, एक आर्टिफॅक्ट (मौल्यवान वस्तू) उचलायचा आणि जिवंत बाहेर यायचं. नवे खेळाडू बहुतेक एकाच कारणाने मरतात: भारी पत्ते जमवण्याच्या नादात परतीची वाट राहून जाते.

सुरुवातीच्या गड्डीत 10 पत्ते असतात: 6 ‘बर्गल’, 2 ‘स्टम्बल’, 1 ‘साइडस्टेप’ आणि 1 ‘स्क्रॅम्बल’. बूट, म्हणजे एक खोली पुढे चालण्याचं चिन्ह, फक्त शेवटच्या दोघांवर. पाळीला 5 पत्ते हातात येतात आणि पाचही खेळावेच लागतात. म्हणजे पहिल्या दोन पाळ्यांत मिळून जेमतेम दोन खोल्या चालणं होतं. पावलांची खूण असलेल्या बोगद्याला तर एकाच पाळीत 2 बूट लागतात. ‘स्टम्बल’ दाबून ठेवता येत नाही. दर वेळी तुमच्या रंगाचा एक ठोकळा, म्हणजे तुम्ही केलेला आवाज, पटावरच्या आवाजाच्या चौकटीत जातोच. उरलेले बूट, स्किल (पत्ते विकत घेण्याची ताकद), तलवारी (राक्षस मारण्याची) पाळीबरोबर संपतात. टिकतं ते फक्त सोनं.

म्हणून सुरुवातीला ‘एक्सप्लोर’ घ्या. 3 स्किलला मिळतो, 2 स्किल आणि 1 बूट देतो. दिसायला साधा, पण त्याचा एक गुण पटकन लक्षात येत नाही: तो राखीव गठ्ठ्यातला आहे. मधल्या रांगेतले 6 पत्ते कोणी विकत घेतले किंवा त्यांतला राक्षस मारला, की पाळीच्या शेवटी रिकाम्या जागी नवे उघडतात, आणि त्यांत ड्रॅगनचं चिन्ह निघालं की हल्ला. राखीवमधले ‘एक्सप्लोर’, ‘मर्सिनरी’ घेतल्याने किंवा तिथलाच गॉब्लिन मारल्याने काहीच उघडत नाही. चौकटीत आपलेच ठोकळे जास्त असताना रांगेतले तीन पत्ते उचलणं म्हणजे स्वतःच्या हाताने ड्रॅगनला उठवणं. चिन्हं दोन निघाली तरी त्या पाळीत हल्ला एकदाच होतो, हे टेबलावर हमखास चुकतं.

हल्ल्याच्या वेळी चौकटीतले सगळे ठोकळे पिशवीत जातात आणि ड्रॅगनच्या रागाच्या पट्टीवरच्या आकड्याइतके बाहेर काढले जातात. रांगेत धोक्याची खूण असलेले पत्ते असतील तर प्रत्येकी एक जादा. पिशवीत सुरुवातीला 24 काळे असतात. रंगीत निघाला तर तो त्या खेळाडूच्या आरोग्याच्या पट्टीवर जखम म्हणून बसतो, आणि पट्टी भरली की तो मेला. काळा निघाला तर कोणाला काही होत नाही, पण तो बाजूला पडतो. खरी मेख इथेच. 24 काळे आणि 6 रंगीत असताना एका ठोकळ्यामागे जखमेची शक्यता पाचात एक. 12 काळे निघून गेले आणि रंगीत 12 झाले की तीच दोनात एक. शिवाय प्रत्येक आर्टिफॅक्टमागे राग वाढतो. मधल्या टप्प्यापर्यंत ‘काही होत नाहीये’ असं वाटतं आणि मग दोन हल्ल्यांत आरोग्याची पट्टी भरते.

आर्टिफॅक्टची किंमत 5 ते 30 गुण. तो घेऊन बाहेर पडलात की वर 20 गुणांचं टोकन. म्हणजे वरच्या मजल्यावरचा 5 चा तुकडा उचलून पळणाऱ्याचे 25 झाले, आणि 30 चा घेऊन खोलात मेलेल्याचं शून्य. पहिला बाहेर पडला की त्याची सोंगटी उलट्या मोजणीच्या पट्टीवर जाते. त्यानंतर आपल्या प्रत्येक पाळीला तो फक्त ती सरकवतो आणि ड्रॅगन जादा ठोकळ्यांनिशी हल्ला करतो. सोंगटी पाचव्या घरात पोचली की आत उरलेले सगळे बाद. तुमच्याकडे 4 पाळ्या आहेत असं धरा. कोणी हलका माल घेऊन वर वळला, की आपली बाहेर पडायची अंतरं मोजा आणि खरेदी थांबवा.

बाजारात बॅकपॅक आणि मास्टर की प्रत्येकी 7 सोन्याला. बॅकपॅकशिवाय दुसरा आर्टिफॅक्ट उचलता येत नाही, आणि घेतलेला टाकून बदलताही येत नाही. घाईत असाल तर किल्ली जास्त कामाची, कारण कुलपाचे बोगदे बऱ्याचदा जवळची वाट देतात. स्फटिकाच्या गुहेत पाऊल टाकलं की त्या पाळीतले उरलेले बूट वाया जातात; परतीच्या हिशेबात ही गुहा अख्खी पाळी खाते.

दारापर्यंत पोचणं जमत नसेल तर निदान जमिनीच्या रेषेच्या वर या. आर्टिफॅक्ट हातात असताना तिथे पडलात तर गावकरी बाहेर ओढून काढतात: टोकनचे 20 जातात, बाकीचे गुण राहतात.