तीन क्रेडिट कमी

मार्चमध्ये पदवीसाठीचा अर्ज भरायला बसले, तेव्हा डिग्री ऑडिटच्या पानावर लाल अक्षरांत एक ओळ दिसली : आवश्यक क्रेडिट ३०, मोजलेले २७. चालू सेमिस्टर धरूनही २७. दोन वर्षं मी वहीत हिशोब ठेवत आले होते आणि माझ्या वहीत ते ३० भरत होते. पान पुन्हा उघडलं, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं. आकडा तोच.

इथे अमेरिकेत मास्टर्सला ‘पहिलं वर्ष पास, दुसरं वर्ष पास’ असं काही नसतं. ठरावीक क्रेडिट जमवायचे, साधारण एका विषयाला तीन. कोणते विषय चालतील हे ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीच्या कॅटलॉगवरून ठरतं, आणि ते जुळतंय का हे संगणक तपासतो. हेच डिग्री ऑडिट. सगळे विषय उत्तीर्ण झालात तरी पदवी आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि त्या अर्जाला मुदत असते.

घोळ कुठे झाला ते शोधायला एक अख्खी संध्याकाळ गेली. आमच्या विभागात ‘विशेष विषय’ नावाचा एक कोर्स आहे. क्रमांक कायम एकच, आत काय शिकवायचं ते मात्र दर सेमिस्टरला बदलतं. पहिल्या वर्षी मी त्यात भूजलाचं प्रतिमान शिकले, दुसऱ्या वर्षी उपग्रहांच्या चित्रांवरून पाण्याचा अभ्यास. प्राध्यापक वेगळे, प्रकल्प वेगळे, परीक्षा वेगळ्या. संगणकाला दिसला फक्त क्रमांक. एकच विषय दोनदा घेतला असं समजून त्याने जुना वगळला आणि नवा मोजला. ट्रान्सक्रिप्टवर दोन्ही ग्रेड होत्या, क्रेडिट मात्र एकाचेच.

माझ्या पोटात गोळा आला तो पदवी लांबेल म्हणून नव्हे, तर व्हिसामुळे. एफ-वन व्हिसावर शिकणाऱ्याला शिक्षण संपल्यावर काम करायची परवानगी ओपीटीतून मिळते. त्याचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेआधी ९० दिवसांपासून त्यानंतर ६० दिवसांपर्यंतच करता येतो. विद्यापीठातल्या इंटरनॅशनल ऑफिसच्या अधिकाऱ्याने, म्हणजे डीएसओने, सेव्हिस या सरकारी प्रणालीत शिफारस नोंदवली की ३० दिवसांच्या आत अर्ज इमिग्रेशन खात्याकडे पोचावा लागतो. आणि क्रेडिट खरोखरच कमी पडत असतील, तर आय-ट्वेंटीची, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या आणि अभ्यासक्रम संपण्याची तारीख असलेल्या कागदाची, मुदत संपायच्या आत ती वाढवून घ्यायला हवी. तारीख उलटली की मुदतवाढ मागायची सोय राहत नाही. माझ्या आय-ट्वेंटीवर मे महिना होता आणि जुलैपासून नोकरी ठरली होती.

मग फेऱ्या सुरू झाल्या. ॲडव्हायझर म्हणाले, ही सिस्टीमची चूक आहे, रजिस्ट्रारला सांग. रजिस्ट्रारच्या खिडकीवर उत्तर मिळालं, विभागाकडून लेखी आल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. विभागाच्या कोऑर्डिनेटर म्हणाल्या, मास्टर्सची मंजुरी ग्रॅज्युएट स्कूल देतं. ग्रॅज्युएट स्कूलने सांगितलं, आम्ही मंजुरी देतो, पण आमच्यापर्यंत काही आलेलंच नाही. इंटरनॅशनल ऑफिसचं म्हणणं, तू मे महिन्यात पूर्ण करतेयस हे विभागाने कळवलं की पुढचं बघू. अकरा दिवस गेले.

हे लिहिताना मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. त्यांतलं कोणीही माझ्याशी तुसडेपणाने वागलं नाही, कोणी खोटंही बोललं नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलाबद्दल खरं तेच सांगितलं. पाचही टेबलं ज्यात एकत्र दिसतील असं चित्र मात्र कोणाहीपुढे नव्हतं. ते माझ्याकडे होतं, आणि मी ते कोणाला दाखवलंच नव्हतं.

त्या काळात बाबांनी फोनवर विचारलं, ‘मी लिहू का विद्यापीठाला?’ घरी बसून काळजी करणाऱ्या पालकांसाठी सांगते : १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. त्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ त्याच्या नोंदींबद्दल सहसा आईवडिलांशीही बोलत नाही. उत्तर आलं नाही तर तो अपमान समजू नका. हे काम मुलांनाच करावं लागतं.

बाराव्या दिवशी मी ओम्बड्सच्या कार्यालयात गेले. बऱ्याच विद्यापीठांत असं कार्यालय असतं आणि बऱ्याच विद्यार्थ्यांना ते ठाऊक नसतं. ते निर्णय देत नाहीत, कोणाचा निर्णय फिरवतही नाहीत. ऐकून घेतात, गोपनीयता पाळतात, वाट दाखवतात. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘ऑडिटमधली ही ओळ प्रत्यक्ष कोण बदलतं? आणि बदलण्याआधी त्या माणसाला समोर काय लागतं?’

मी सगळीकडे ‘मी काय करू?’ असं विचारत होते. हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

विचारल्यावर अर्ध्या दिवसात उत्तर मिळालं. रजिस्ट्रारच्या कार्यालयात फक्त ऑडिट बघणारी एक व्यक्ती होती. तिला हवा होता अपवादाचा एक अर्ज, त्यावर ॲडव्हायझरची आणि विभागाच्या ग्रॅज्युएट डायरेक्टरची सही, ग्रॅज्युएट स्कूलची मंजुरी, आणि दोन्ही विषयांचे सिलॅबस.

सिलॅबसपाशी पुन्हा अडलं. सेमिस्टर संपल्यावर पहिल्या विषयाचं ऑनलाइन पान बंद झालं होतं आणि ते शिकवणारे सर दुसऱ्या विद्यापीठात गेले होते. त्यांना रात्री ईमेल केली. सकाळी उठले तर फाइल आलेली, सोबत एक ओळ : ‘हे दोन वेगळे विषय आहेत, असं माझ्या नावाने खुशाल सांग.’ ती ओळ वाचून मला रडू आलं. तेव्हापासून भेटेल त्या ज्युनिअरला मी सांगते, पहिल्या दिवशी मिळालेला सिलॅबस स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेव.

मग एकाच पानावर सगळं मांडलं. डावीकडे पहिला विषय, उजवीकडे दुसरा. सेमिस्टर, शीर्षक, प्राध्यापक, ग्रेड. खाली कॅटलॉगमधलं वाक्य : विषय वेगळा असल्यास हा कोर्स पुन्हा घेता येतो. हे वाक्य पहिल्यापासून तिथेच होतं. अगदी शेवटी आय-ट्वेंटीची तारीख. पाचही कार्यालयांना एकाच ईमेलमध्ये ते पान पाठवलं आणि कोणाकडून काय हवंय ते प्रत्येकाच्या नावापुढे एकेका ओळीत लिहिलं. डायरेक्टर परिषदेसाठी बाहेरगावी होते, त्यांनी तिथूनच ऑनलाइन सही केली. चौथ्या दिवशी ऑडिटवर हिरव्या अक्षरांत ३० आलं. ते पान मी लगेच उतरवून घेतलं आणि डीएसओकडे गेले.

मे महिन्यातल्या पदवीदान समारंभातले माझे झगा-टोपीतले फोटो काहींनी पाहिले असतील. त्या समारंभात हातात मिळालेलं कव्हर रिकामं होतं. अनेक ठिकाणी अशीच रीत आहे : समारंभ आधी होतो, अंतिम ग्रेड लागल्यावर नोंदी तपासून पदवी नंतर दिली जाते आणि प्रमाणपत्र काही आठवड्यांनी टपालाने येतं. समारंभात चाललात म्हणजे पदवी मिळाली, असं धरून चालू नका.

ऑडिट हिरवं झालं त्या संध्याकाळी कोऑर्डिनेटरना मी विचारलं, हे आणखी कोणाचं झालंय का? दुसऱ्यांच्या नोंदी त्या मला सांगू शकत नव्हत्या. मग मीच आठवून पाहिलं. दोन्ही वर्षी माझ्याबरोबर त्या वर्गात बसलेले आणखी तिघं होते. त्यांना एवढंच लिहिलं, ‘आत्ता ऑडिट उघडून बघा.’

दहा मिनिटांत दोघांचं उत्तर आलं : २७.

माझं ते एक पान मी त्यांना पाठवून दिलं, नाव आणि ग्रेडच्या जागा मोकळ्या ठेवून.