मशीन आलं तरी माणूस का उतरतो?

ड्रेनेज साफ करणाऱ्या गाड्यांच्या देखभालीचं काम मी करतो, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो: "आता तर रोबोट आलेत, मग गटारात माणसं मरायची थांबतील ना?" तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगतो. नुसत्या यंत्रांनी थांबणार नाहीत.

यंत्रं चांगली आहेत. जेटिंगची गाडी पाण्याच्या जोरावर लाईन मोकळी करते, सक्शनची गाडी गाळ ओढते. केरळच्या तरुण इंजिनिअरांनी केलेला ‘बँडिकूट’ रोबोट २०१८ पासून मॅनहोलमध्ये उतरून गाळ उपसतोय.

पण लाईन चोकअप होते तेव्हा लोकांना घाई असते. गाडी दुसरीकडे अडकलेली, नाहीतर गल्लीत शिरत नाही. ठेकेदार एक फोन लावतो आणि तासाभरात दोघं-तिघं हजर होतात. कमरेला दोर, हातात बांबू, तोंडाला फार तर रुमाल. गाळ ढवळला की त्यात साठलेला हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. वायूचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. खाली उतरलेल्याला वाटतं, गॅस गेला. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही.

तो फोन जातो कुठे? ज्या जातींच्या माथी हे काम पिढ्यान्‌पिढ्या मारलं, त्यांच्याच वस्तीत. त्यांचा जीव आपण इतका स्वस्त धरलाय की गाडीची वाट बघणं महाग वाटतं. इथे माझं यंत्र काहीच करू शकत नाही.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ असे दोनदा झाले. सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. भरपाई वाढली, तुरुंगात गेलेला ठेकेदार मात्र मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून "कोणतं मशीन घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, ते चालवणार कोण? आजवर खाली उतरत आलेल्यांनाच ते शिकवा, कायम नोकरीवर घ्या, पूर्ण पगार द्या. आणि गाडी यायला दोन दिवस लागले तर संडास बंद ठेवायची सोसायटीची तयारी आहे का, तेही आधीच विचारून ठेवा.