आमची वाटचाल: कधीच न बनलेल्या रणगाड्यांचा व्यवसाय

आमची फर्म १/७२ स्केलची रणगाड्यांची मॉडेल्स आणि त्यांचे सुटे भाग बनवते. त्यातही आमची ओळख झाली ती प्रत्यक्षात कधीच न बनलेल्या रणगाड्यांमुळे. भारतीय लष्कराचा सोव्हिएत बनावटीचा टी-५५ रणगाडा निवृत्त न करता त्याला नवं इंजिन, नव्या दुर्बिणी आणि रिअ‍ॅक्टिव्ह आर्मर (मारा बसताच स्फोट होऊन तो अडवणाऱ्या विटांचं कवच) दिलं असतं तर तो कसा दिसला असता? या एका प्रश्नावर आमचा सर्वांत जास्त खपणारा संच उभा आहे. सुरुवात तयार मॉडेल बांधून देण्यापासून झाली, पुढे हाताने कापलेले भाग, मग रेझिनचं ओतकाम आणि आता प्रिंटिंग. हा सगळा प्रवास टी-५५ च्याच आधाराने सांगणं सोपं जाईल.

काल्पनिक म्हणजे मनाला येईल ते चिकटवायचं, असं आम्ही मानत नाही. टी-५५ चं वजन ३६ टन आणि इंजिन ५८० अश्वशक्तीचं, म्हणजे टनामागे सोळा अश्वशक्ती. आर्मर, स्कर्ट (चाकांच्या बाजूने लावलेले पत्रे) आणि यंत्रणा चढवल्या की वजन ४१ टनांच्या आसपास जातं आणि हाच आकडा चौदावर घसरतो. म्हणून आमच्या आराखड्यात ६९० अश्वशक्तीचं व्ही-४६-५एम येतं. हे त्याच घराण्यातलं बारा सिलिंडरचं इंजिन आहे, सोव्हिएत सुधारित गाड्यांत ते खरोखर बसलेलं आहे, आणि एक्झॉस्ट डाव्या फेंडरवर आहे तिथेच राहतो. स्लोव्हेनियाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तीस टी-५५ ना १०५ मिमी तोफ आणि रिअ‍ॅक्टिव्ह आर्मर देऊन एम-५५एस बनवले, त्यातले २८ पुढे २०२२ मध्ये युक्रेनला गेले. रोमानियाचा टीआर-८५एम१, इजिप्तचा रामसेस-२ हेही याच कुळातले. अशी खरी उदाहरणं समोर असली की कल्पनेला चौकट मिळते. ग्राहक मागण्यांची यादी पाठवतो तेव्हा प्रत्येक मागणीपुढे ती का शक्य आहे किंवा का नाही, हे लिहूनच आम्ही दरपत्रक देतो.

भारतीय टी-५५ ला १०५ मिमी तोफ प्रत्यक्षातच बसली होती, त्यामुळे तो भाग कल्पनेचा नाही. मूळ १०० मिमी तोफ आणि ही तोफ यांच्या लांबीत डोळ्याला जाणवेल असा फरक नाही. फरक कळतो तो फ्यूम एक्स्ट्रॅक्टरवरून, म्हणजे धूर बाहेर काढणाऱ्या, नळीवरच्या फुगीर भागावरून. मूळ तोफेवर तो पार टोकाशी आहे, १०५ मिमीच्या एल-७ वर तो नळीच्या मध्याच्या आसपास आणि मध्यरेषेपासून जरा सरकलेला. हा सरकलेपणा प्रत्यक्ष पाहायचा असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातल्या विजयंता या भारतीय रणगाड्यासमोर उभं राहावं. फोटोतून तो नीट कळत नाही. विजयंतावर हीच तोफ आहे.

१/७२ मध्ये या तोफेचं तोंड जेमतेम दीड मिलिमीटरचं होतं. किटमधली दोन अर्ध्या भागांची प्लास्टिक नळी जोडून घासली की तिचा गोलपणा जातो, म्हणून आम्ही लेथवर काढलेली पितळी नळी देतो. थर्मल स्लीव्हसाठी (नळीवरचं उष्णतारोधक वेष्टण) पातळ टिश्यू पेपर पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवून गुंडाळायचा आणि पट्टे म्हणून ०.३ मिमी रुंद अ‍ॅल्युमिनियम टेप लावायचा. पितळेला प्रायमर न देता रंग लावला तर मास्किंग टेप काढताना रंगही टेपबरोबर निघतो.

आता रिअ‍ॅक्टिव्ह आर्मर, ज्याच्यावर आमच्या कामाचे सर्वाधिक तास जातात. कोन्टाक्ट-१ या सोव्हिएत प्रकाराची खरी वीट साधारण ३१ सेंमी लांब आणि १५ सेंमी रुंद, म्हणजे आपल्या स्केलला ४.३ बाय २.१ मिमी. टी-७२बी रणगाड्यावर अशा २२७ विटा बसतात आणि वजन बाराशे किलोंच्या घरात जातं. टी-५५ वर आम्ही १२० च्या पुढे जात नाही. टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) पुढच्या गालांवर, हलच्या (खालच्या मुख्य सांगाड्याच्या) तिरक्या पत्र्यावर आणि स्कर्टच्या पुढच्या एक तृतीयांश हिश्श्यावर एवढ्यात भागतं. विटा चिकटवण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. ड्रायव्हरचं झाकण उघडून बाजूला फिरलं पाहिजे, गनरच्या दुर्बिणीसमोर वीट येता कामा नये, आणि तोफ उणे पाच ते अधिक अठरा अंशांत अडखळल्याशिवाय वरखाली झाली पाहिजे. टरेट पूर्ण फिरवून पाहिलं की निम्म्या चुका तिथेच उघड होतात. बहुतेक वेळा गालावरची सर्वांत खालची रांग ड्रायव्हरच्या झाकणाला धडकते. ती रांग एका विटेने तोडायची, खऱ्या गाड्यांवरही तेच केलेलं दिसतं.

या विटा सुरुवातीला आम्ही ०.५ मिमी प्लास्टिक शीटमधून कापत होतो. ते काम शुद्ध असतं, पण एका टरेटमागे अख्खा दिवस जातो आणि ती किंमत ग्राहकाला परवडत नाही. मग एक मास्टर (मूळ नमुना) बनवून सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतायला घेतलं. साचा पंचवीस-तीस ओतकामांनंतर कडांना फाटू लागतो, हा खर्च आधीच धरावा लागतो. खरा शत्रू पावसाळा. पॉलियुरेथेनचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावतो, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि भागात बुडबुड्यांची जाळी उठते. डबा उघडल्या उघडल्या लागेल तेवढं काढून झाकण घट्ट लावायचं, वर सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, साचाही आधी कोमट करून कोरडा करायचा. एवढं करूनही जून ते सप्टेंबर नाकारल्या जाणाऱ्या भागांचं प्रमाण वाढतंच.

यूव्ही रेझिन प्रिंटर आल्यावर या कटकटीतला मोठा भाग संपला. बारीक भागांसाठी आम्ही ०.०३ मिमीचा थर ठेवतो. विटांची रांग प्लेटला सपाट न ठेवता चाळीस-पंचेचाळीस अंशांत तिरकी करायची, नाहीतर पहिले जास्त एक्सपोज झालेले थर फुगतात आणि कडा गोल येतात. सपोर्ट नेहमी मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला. हिवाळ्यात खोलीचं तापमान २० अंशांखाली गेलं की रेझिन दाट होतं आणि थर सुटतात. पंचवीसच्या वर ठेवलं की तक्रार नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये धुतल्यावर भाग पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच प्रकाशात कडक करायचा. ओला भाग कडक केला तर पांढरे डाग राहतात, गरजेपेक्षा जास्त कडक केला तर स्मोक ग्रेनेडच्या नळ्या नुसत्या बोटाने तुटतात. या नळ्या ८१ मिमी व्यासाच्या, स्केलला सव्वा मिलिमीटरच्याही आत. म्हणून संचात आम्ही दोन जास्त टाकतो. स्कर्ट मात्र आजही प्रिंट करत नाही. रेझिनचा इतका पातळ, लांब तुकडा काही महिन्यांत वाकतो. ०.२५ मिमी प्लास्टिक शीटचा स्कर्ट वर्षानुवर्षं सरळ राहतो आणि त्याची खालची कड नखाने किंचित मुडपता येते.

चाकांबद्दल थोडं. टी-५५ ला पाच रोड व्हील, पहिल्या आणि दुसऱ्यात मोठी फट, आणि वर ट्रॅकला आधार देणारे छोटे रिटर्न रोलर नाहीत. त्यामुळे ट्रॅकची वरची बाजू चाकांवर टेकलेलीच असली पाहिजे. मऊ विनाइलचे ट्रॅक ताणले जाऊन हवेत तरंगतात, आणि इतकं मेहनतीचं मॉडेल त्या एका रेषेमुळे खेळणं वाटू लागतं. प्लास्टिकचा गोंद विनाइलला धरत नाही. प्रत्येक चाकाच्या माथ्यावर सुपरग्लूचा ठिपका देऊन, वर फोमचा तुकडा दाबून रात्रभर ठेवावं. जुन्या ट्रॅकच्या स्प्रॉकेटला (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाला) १३ दात, नव्या आरएमएसएच ट्रॅकच्या स्प्रॉकेटला १४. सुधारित गाडीला नवा ट्रॅक शोभतो, पण तो लावताना स्प्रॉकेटही बदला.

धंद्याला वळण देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सीमाशुल्क. खेळण्यांवरचं शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. स्केल मॉडेल्सही त्याच शीर्षकाखाली येतात. १/३५ चं परदेशी किट अनेकांच्या आवाक्याबाहेर गेलं आणि लोक लहान स्केलकडे वळले. ग्राहकाच्या कपाटात एखादं टी-५५ चं किट आधीच असतं, त्याला हवे असतात फक्त बदलाचे भाग. म्हणून आम्ही पूर्ण किट विकण्याच्या फंदात पडलो नाही.

रंगकामाच्या ऑर्डरी आम्ही पावसाळ्यात उशिराच्या तारखेने घेतो. दमट हवेत लॅकर मारला की पृष्ठभागावर दुधाळ पापुद्रा येतो आणि तो काढायला सगळं पुन्हा करावं लागतं. एअरब्रशची ०.३ मिमीची नोझल आणि १५ ते २० पीएसआय दाब. लष्करी हिरवा थेट डबीतून वापरला तर इतक्या छोट्या मॉडेलवर काळपट दिसतो, म्हणून त्यात दहा-पंधरा टक्के वाळूरंग मिसळतो. त्यावर वाळूरंगाचे मोठे, मऊ कडांचे पट्टे. नंतर ग्लॉस वार्निश, डेकल (चिन्हं आणि आकड्यांचे स्टिकर), आणि ऑइल पेंटच्या कच्च्या अंबरचा, म्हणजे गडद तपकिरी रंगाचा, पातळ वॉश. ग्लॉस पूर्ण वाळायला चोवीस तास द्या, नाहीतर वॉशमधलं व्हाइट स्पिरिट खाली उतरून रंग सोडवतं. नंबर प्लेटवर वर तोंड केलेला बाण, वर्षाचे दोन अंक, अक्षर आणि आकडे असा भारतीय लष्करी क्रम आम्ही पाळतो. आकडे काल्पनिक घेतो आणि कुठल्याही खऱ्या रेजिमेंटची खूण काल्पनिक गाडीवर लावत नाही. मागितली तरी नाही. ती खूण ज्यांनी कमावली त्यांची आहे.

सध्या विजयंताच्या अशाच संचाचं काम चालू आहे. त्याला टी-७२ चं इंजिन बसवायची योजना प्रत्यक्षात आखली गेली होती, त्यामुळे मागचा डेक (इंजिनावरचं छत) कसा बदलला असता यावर आमचा सगळा भर आहे. हल आम्हालाच पूर्ण बनवावा लागतो. तो दोन तुकड्यांत प्रिंट करायचा आणि जोड टरेट रिंगच्या खाली लपवायचा, एवढं ठरलं आहे. मास्टर तयार झाले की नोंदणी सुरू करू.