थर्माकोलची टेकडी आणि ठाण्याचा पाऊस

आज ठाण्यात दिवसभर रिपरिप, आणि टेबलावर युद्धखेळातल्या २८ मिमीच्या चिमुकल्या सैनिकांसाठी टेकडी. माल फुकटचा: टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल. कडा कटरने कापू नका, हातानं तोडा. दाणे दिसले तरी रेती झाकते. स्प्रे पेंट थेट मारलात तर मेलात! त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, टेकडीची चाळण होते. आधी दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी, थोडा काळा अ‍ॅक्रिलिक, असे दोन हात. दुसरा ओला असतानाच चाळलेली रेती भुरभुरायची. पुठ्ठ्याचा तळ एकाच बाजूनं रंगवला की सुकताना ताटलीसारखा वळतो, म्हणून खालूनही हात द्यायचा. या दमट हवेत रात्रभर पंख्याखाली. मग राखाडी रंग, ब्रश कागदावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा झाल्यावरच.