डावा मागचा

टायर कधी बनला हे टायरवरच छापलेलं असतं, हे आता बऱ्याच लोकांना माहीत झालंय. चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माहीत नसतं ते हे, की बहुतेक टायरांवर ते आकडे एकाच बाजूला असतात. बसवणाऱ्याच्या मनात आलं तर ती बाजू आत जाते, आणि मग गाडी वर उचलून बॅटरी मारल्याशिवाय टायरचं वय कळत नाही. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक गाडीच्या पाचही टायरांचे आकडे मी वहीत उतरवून घेतो. आमच्या एरंडोलच्या पट्ट्यात हायवेला टायरवाले थोडे नाहीत, पण अशी वही मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. शेजारी हसतात. हसू देत.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर होती, लगीनसराई जोरात. सकाळी नऊलाच दुकानापुढच्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नव्हतं. पारोळ्याकडचे एक आप्पा एर्टिगा घेऊन आले. कापसाची शेती, जोडीला गाडी भाड्याने देतात. दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याला वऱ्हाड, तिथून नवरा-नवरीला वणीला गडावर न्यायचं. 'गाडी ऐंशीला हलते, पुढचे दोन टायर टाका' एवढं सांगून ते चहाला गेले.

मी आधी स्टेपनी बघतो. सेकंडहँड गाडीत कंपनीचा मूळ माल बहुधा तेवढाच उरलेला असतो. स्टेपनीवर १८५/६५ आर १५, पुढे ८८, तारीख ०८१९. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरही तेच माप. खाली चाकांना मात्र चारही टायर १७५/६५ आर १५, पुढे ८४, तारीख ३४१८. म्हणजे टायर गाडीपेक्षा वयाने मोठे. आप्पांना गाडी विकणाऱ्याने चांगले टायर काढून घेतले आणि कुठल्यातरी लहान गाडीचे जुने टायर ठोकून दिले, हे उघड होतं.

रिम पंधराची, टायर पंधराचा, त्यामुळे बसतो. बघणाऱ्याला फरकही कळत नाही. पण ८४ म्हणजे एका टायरने ५०० किलो पेलायचे आणि ८८ म्हणजे ५६०. चार चाकांत २४० किलोंचा फरक. एर्टिगा सात जणांची. वऱ्हाडाला निघाली की नऊ जण, मांडीवरची पोरं वेगळी, आणि वर कॅरिअरला रुखवत. गिऱ्हाईक मला विचारतं ते या वजनाच्या आकड्यापुढचं अक्षर, एच आहे की टी, कारण त्यात वेग असतो. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. आमच्या रस्त्यांवर २१० ने कोण पळवणार आहे? गाडी भरून मात्र सगळेच नेतात, आणि वजनाचा आकडा आजवर एकानेही आपणहून विचारलेला नाही.

आप्पा चहा पिऊन आले. मी सांगितलं, दोन टाकून भागणार नाही, दोन मापं एका गाडीत नकोत, चारही बदला. त्यांनी वाकून टायरवर हात फिरवला. "नक्षी दखा ना भाऊ, पुरी शे!"

खोटं नव्हतं. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारी १.६ मिलिमीटरची पट्टी असते, ती अजून बरीच खोल होती. नक्षी झिजलेली नसली की लोकांना टायर नवा वाटतो. रबर नुसतं उन्हात उभं राहूनही कडक होतं, खाचांच्या तळाला केसासारख्या चिरा पडतात. मी नखाने एक चीर उघडून दाखवली. तेवढ्यात बरोबरचे पाहुणे मध्ये पडले. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेली माणसं हा आमच्या धंद्याला लागलेला नवा ताप आहे. त्यांचं म्हणणं, टाकायचेच तर २०५ चे रुंद टाका, गाडीला 'लुक' येतो. वऱ्हाडाच्या गाडीला लुक! मी दुर्लक्ष केलं.

टायर उतरवताना मी आतल्या बाजूला पिवळ्या खडूने खूण करतो: उ.पु. (उजवा पुढचा), डा.पु., उ.मा., डा.मा. (डावा मागचा). कुठला टायर कुठे होता हे नंतर कळायला हवं. डावा मागचा रिमवरून सुटला आणि आतून काळा भुसा सांडला. मी तो मुठीत घेतला आणि आप्पांच्या तळहातावर ओतला. चहाची पूड असावी तसा, बारीक, कोरडा. आत बोट घातलं तर कडेने पूर्ण गोल एक खरखरीत पट्टा लागला. हवा कमी असताना टायर कडेला दुमडत राहतो, आतलं रबर एकमेकांवर घासतं आणि त्याचा भुसा होतो. असा टायर बाहेरून कितीही देखणा दिसू दे, त्याची कड मेलेली असते.

कारण विचारलं तर आप्पा म्हणाले, उन्हाळ्यात आम्ही हवा कमीच ठेवतो, नाहीतर फुटतो. हे कुणी खान्देशाच्या डोक्यात भरवून ठेवलंय देव जाणे. पारा पंचेचाळीसवर गेला म्हणून टायर फुटत नाही. हवा कमी असली की तो जास्त दुमडतो, जास्त तापतो आणि मग फुटतो. हवा सकाळी, गाडी गार असताना, स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे भरावी, गाडी भरलेली असेल तर भरलेल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे. आणि नायट्रोजनचे वेगळे पैसे घेणारेही आहेत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा फुकटची हवा वेळेवर भरलीत तरी पुष्कळ झालं.

भुश्याने काम केलं. आप्पा चारही टायरांना तयार झाले. '२०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी २८ चा १८ झालाय, मग अजून कमी करा' यावर अर्धा तास गेला. निम्मे पैसे रोख, निम्मे आखाजीनंतर. १८५ चे, ८८ चे, चालू वर्षातच बनलेले चार टायर चढवले, बॅलन्सिंग, अलाइनमेंट केलं. उतरवलेले टायर मी कापून भंगारात टाकतो म्हणालो. आप्पा म्हणाले, कापू नका, शेतातल्या गाडीला होतील. माल त्यांचा. मी वहीत आकडे लिहिले, पोराने चारही टायर डिकीत आणि सीटवर कोंबले.

संध्याकाळी दुकान आवरत असताना अमळनेरचा एक पोरगा अमेझ घेऊन आला. दुपारीच दोन टायर घेतले होते, 'शोरूममधून नव्या गाडीचे उतरवलेले', एक अठराशेला. पुढे लावल्यापासून स्टेअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग करून द्या. टायर चमकत होते, पॉलिश अजून बोटाला लागत होतं. माप १७५/६५ आर १५, त्याच्या गाडीला अगदी बरोबर. पहिलं चाक मशीनवर चढवलं तर मशीन तोल साधायला नव्वद ग्रॅम वजन मागायला लागलं. नव्या टायरला दहा-वीस ग्रॅममध्ये भागतं. बाहेरच्या कडेवर तारीख नव्हती. चाक उलटं करून बॅटरी मारली: ३४१८.

मग मी तो रिमवरून सोडवला. आत पिवळ्या खडूने, माझ्याच अक्षरात, 'डा.मा.' बाहेरून पॉलिश मारणाऱ्याने आतून साधं फडकंही फिरवलं नव्हतं, कडेला भुसा तसाच होता. दुसरा निघाला उ.पु.

मी पोराला वही दाखवली, सकाळची तारीख, गाडी नंबर, आकडे. त्याने दोनदा वाचलं. मग ज्याच्याकडून घेतले त्याला फोन लावून माझ्याकडे दिला. तो माणूस शांतपणे म्हणाला, "मी चोरले का? गिऱ्हाईक विकून गेलं, मी घेतले. याला परवडले, याने घेतले. तुमच्या भावात नवे घेणारे सगळेच असते तर माझं दुकान चाललं असतं का?" मला राग आला, पण शेवटच्या वाक्यावर लगेच काही सुचलं नाही. दिवसभर उन्हात बसून तो जे विकतो ते गिऱ्हाइकालाच हवं असतं.

पोरगा म्हणाला, "काका, टायर एवढा वाईट होता तर तुम्ही सकाळी दिलात कसा?"

मी त्याला सांगितलं ते आजही सांगेन. माल गिऱ्हाइकाचा असतो, त्याच्या परवानगीशिवाय मी सुरी लावू शकत नाही. आणि हे सांगत असतानाच पुढचा पेच समोर आला. डा.मा. आता तरी कापायला हवा होता. मी सुरी घेतलीही. पोराने टायरवर हात ठेवला. कापलेला टायर परत घेऊन त्याचे अठराशे कोण देणार? त्याचा महिन्याचा पगार मला माहीत नाही, पण अठराशेवर त्याने हात ज्या तऱ्हेने ठेवला त्यावरून अंदाज आला. त्याची स्टेपनी बरी होती, ती लावून दिली. दुसऱ्या टायरला भुसा नव्हता, चिरा होत्या. साठच्या वर जाऊ नकोस आणि पैसे मिळाले की तोही बदल म्हणून सांगितलं. हात-मजुरी घेतली नाही. डा.मा. डिकीत टाकून तो गेला. एकाच दिवसात तो टायर माझ्या दुकानातून दुसऱ्यांदा साबूत बाहेर पडला.

पोराला पैसे मिळाले का, कळलं नाही. हायवेला पॉलिश मारलेला १७५ चा टायर दिसला की मी अजून खाली वाकून बघतो. उतरवलेल्या टायरला मी आता तीनशे देऊ करतो, गिऱ्हाइकासमोरच कड कापतो. काही जण देतात. बाकीचे म्हणतात, पुढे चारशे मिळतात.

आखाजी झाल्यावर आप्पांचा फोन आला. मी आधी जुन्या टायरांचं विचारलं. "विकी टाकात. तुम्हीच ते सांगं व्हतं ना, गाडीले चालाव नहीत." आणि लगेच स्वतःच्या तक्रारीवर आले: नव्या टायरांनी गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, दोंडाईच्याची फेरी पूर्वीएवढी भरत नाही. त्यांना समजावताना मला घाम फुटला. मूळ टायर उंचीला सुमारे ६२१ मिलिमीटर, ते लहान टायर ६०८. लहान टायर तेवढ्याच रस्त्याला जास्त वेळा फिरतो आणि मीटर फिरणं मोजतं, म्हणून आधी शंभराला दोन किलोमीटर फुकटचे दिसत होते. आप्पा भाडं किलोमीटरवर घेतात.

"म्हंजे तुम्हना टायर मन्हा किलोमीटर खाई ऱ्हायनात," ते म्हणाले, आणि तेवढे पैसे उधारीतून कापा म्हणाले. मी नाही म्हटलं. उधारी अजून वहीत आहे.