वास्कोचा सप्ताह आणि आमचा बाजार

बाहेरच्या माणसाला सप्ताह म्हटलं की सात दिवस वाटतात, पण आमच्या गोव्यातल्या वास्कोच्या दामोदराचा भजनी सप्ताह चोवीस तासांचा! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावात साथ आली, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या देवळात दामबाबाकडे, म्हणजे दामोदराकडेच, धाव घेतली, तिथला नारळ आणून इथे पूजला आणि अखंड भजन केलं, तेव्हापासून दरवर्षी श्रावणात नवा नारळ ठेवला की टाळ सुरू होतात ते दुसऱ्या दिवशीच थांबतात आणि जुना नारळ समुद्रात जातो.

आजी म्हणायची, सप्ताह बघितलास की बाजार कळतो. 1888 ला मुरगाव बंदर कॅसलरॉकशी रेल्वेने जोडलं गेलं आणि त्या रुळांच्या बाजूने हे शहर वाढलं, दुकानदार आले, गाडेवाले, सोनार, नाभिक, आणि रात्री पार, म्हणजे एकेका समाजाच्या भजनी मिरवणुका, निघायचे ते याच लोकांचे. बाजारकरांचा पार, गाडेकरांचा पार, नाभिक समाजाचा पार... चित्ररथ, दिंड्या, अभंग, आणि वरून पाऊस. कोण कुठल्या पाराबरोबर चालतंय त्यावरून त्याच्या घराण्याचा धंदा कळायचा. मला हे फार मोठं वाटतं, शहराचा इतिहास असा रस्त्यावरून चालत जातो!

बाबांच्या भजनाची पाळी पहाटे तीनची असायची. मी त्यांचं धोतर धरून उभा, फेरीतल्या, म्हणजे सप्ताहाच्या जत्रेतल्या, खाज्याचा (गुळाच्या खाऊचा) पुडा शर्टाच्या आत, पावसात कागद भिजून गूळ पोटाला चिकटलेला, आणि समोर बाबा डोळे मिटून टाळ वाजवतायत, दोन्ही हातांच्या बोटांवर टाळाच्या दोरीचे लाल वळ. घरी आल्यावर आई गरम पाण्यात ती बोटं धरायची.

1961 ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर वास्को झपाट्याने बदललं. बार्जीतून, म्हणजे मालवाहू बोटींतून, मिनरल (लोहखनिज), नेव्ही, कामासाठी कर्नाटकातून आलेली कुटुंबं, आणि आता कोळसा. कोळशाच्या काळ्या धुळीचा मला राग येतो, खिडकी पुसली की संध्याकाळी परत बोट काळं. आमच्या ओळीतली अर्धी दुकानं आता मोबाईलची झालीत. फेरी मात्र लागतेच, उलट वाढलीय, आणि आमच्या शेजारचा कन्नड बोलणारा मोबाईलवाला गेल्या वर्षी शटर अर्धं ओढून आमच्याबरोबर पारात चालला, त्याला अभंगाचे शब्द येत नव्हते पण जय जय राम कृष्ण हरी बरोबर म्हणत होता. मी त्याला बाबांचे टाळ दिले.